पाच टाक्या, रेवा जायच्या आत

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी ११.४०

रिमोटचा ट्रक आला. मुहूर्तावर आला, म्हणजे पुढचं सगळं सुरळीत होणार. खोका मी एकट्याने कात्रीने उघडला. बंपरवर एक ओरखडा गेला. लांबून दिसत नाही.

नोंद राहावी म्हणून लिहितो: हे खेळणं नाही. बॅटरीवर गुरगुरणाऱ्या गाड्या वेगळ्या. याला खरं इंजिन आहे, टू-स्ट्रोक, लिंबाएवढं. दोरी ओढून सुरू करायचं आणि रिमोटने पळवायचं. अरुंधती म्हणाली, पन्नाशी उलटली की लोक गुडघ्याचा पट्टा आणतात. मी उत्तर दिलं नाही. बायकोला उत्तर देत बसलं की कामं राहतात.

पूजा केली. इंजिन आहे म्हणजे वाहन आहे, वाहन आहे म्हणजे दसऱ्याला पूजा आहे. चाकाखाली लिंबू, वर झेंडूचा हार. हळद-कुंकू इंजिनावरच सढळ हाताने वाहिलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. रेवाला कोइम्बतूरला नोकरी लागली आहे, पंप बनवणाऱ्या कंपनीत. एक नोव्हेंबरला सकाळी ती पनवेल स्टेशनवरून जाणार. एकुलती एक पोर. लहान असताना मी स्कूटर खोलली की पाने हातात द्यायला तीच बसायची. चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग केल्यापासून आमचं बोलणं म्हणजे मी 'जेवलीस?' आणि ती 'हो'. तर योजना अशी: एक महिना, एक इंजिन, बाप आणि लेक. जायच्या आधी मैदानावर दोघांनी मिळून पळवायचा.

त्याआधी रनिंग-इन. नव्या इंजिनात पाच टाक्या इंधन हळूहळू जाळायचं, मधे मधे थंड करायचं, मगच वेग. पूर्वी नव्या स्कूटरला हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेत नसत, त्यातलाच प्रकार. दहा तारखेपर्यंत संपेल.

संकल्प: शिस्त.

४ ऑक्टोबर, शनिवार

मॅन्युअल अडतीस पानांचं आहे. चार वाचली. बाकीची नवशिक्यांसाठी. मी सव्वीस वर्षं विम्याच्या क्लेम्समध्ये आहे. लोक पॉलिसी न वाचता सही करतात आणि मग माझ्या टेबलासमोर रडतात. कागद वाचण्याचं महत्त्व मला कोणी शिकवू नये.

दुकानदार म्हणाला होता, याचं खास इंधन वेगळं घ्या. धंद्याच्या युक्त्या. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोल आणि ऑइल, हे मला एकोणीसशे ब्याण्णवपासून ठाऊक आहे. पंपावर बाटलीत पेट्रोल देईनात, म्हणून अरुंधतीच्या स्कूटरमधून नळीने ओढलं. थोडं तोंडात गेलं.

रेवा खाली पार्किंगमध्ये आली होती. म्हणाली, बाबा, याला ठिणगीचा स्पार्क प्लग नाही, तारेने तापणारा ग्लो प्लग आहे. यात मिथेनॉल लागतं, पेट्रोलने नाही चालणार. मी तिला समजावलं की कॉलेजातलं वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. ती 'बरं' म्हणाली आणि वर गेली.

दोरी एकसष्ट वेळा ओढली. इंजिन साधं खोकलंही नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

खास इंधन मागवलं. रेवा बरोबर होती म्हणून नव्हे. वॉरंटीचा प्रश्न नको.

उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ऑफिसात बॅडमिंटन म्हणून सांगितलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ७.१५

इंधन आलं. गुलाबी, रोझ सरबतासारखं. टाकी भरली, ग्लो प्लगला चार्जर लावला, दोरी ओढली. नाही. परत ओढली. नाही.

मग अनुभव कामाला आणला. थंड स्कूटर सुरू होत नसली की काय करायचो? डाव्या अंगावर तिरकी करायची, दहापर्यंत मोजायचं, सरळ करायची, किक मारायची. आमच्या पिढीत हे पोराटोरांनाही माहीत होतं. ट्रक तिरका केला. छोटं इंजिन, म्हणून वीसपर्यंत मोजलं. सरळ केला. दोरी ओढली.

दोरी जागची हलेना. इंजिन दगड झालं होतं. मी जोर लावला आणि दोरी हातात आली, सगळीच.

रेवा जिन्यातून बघत होती हे मला माहीत नव्हतं. खाली येऊन म्हणाली, इंजिनात इंधन भरलंय बाबा, ते दाबलं जात नाही. प्लग काढून उलटा धरला की सांडून जाईल. मी म्हटलं, तेच करणार होतो. तिने पाना उचलला. तेव्हा मला म्हणावं लागलं, "हात लावू नकोस, रनिंग-इन चालू आहे."

तिने पाना खाली ठेवला. नीट जागेवर ठेवला, हे मला आवडलं. मुलीला वळण आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

कामोठ्याला रूपेशकडे गेलो. रूपेशचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तिथल्याच मूळ गावातला मुलगा, माझी जुनी स्कूटर शेवटपर्यंत त्याच्याच हाताखाली होती. नवी दोरी बसवून दिली. मग एअर फिल्टर काढून उन्हात धरला आणि विचारलं, "काका, ह्यो लाल काय हाय?"

मी सांगितलं, कुंकू. दसरा झाला.

त्याने आधी फिल्टरला नमस्कार केला आणि मग धुतला. पुढे म्हणाला, ताई इंजिनेर हाय ना, तिला इचारा. मी विषय बदलला. बाहेरच्या माणसाला घरातल्या गोष्टी बोलायची काही गरज नसते.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.०५

चालू झाला!!!

चाळीस सेकंद. निळा धूर, मागच्या चाकांवर तेलाचे थेंब, आणि आवाज असा की दोन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. रेवा केस अर्धे विंचरलेले तशीच धावत खाली आली. ती शेवटची पायरी उतरायला आणि इंजिन बंद पडायला एकच गाठ. याला गद्दारी म्हणतात.

ती म्हणाली, परत लावा ना. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा होता. मी म्हटलं, रनिंग-इनमध्ये दोन वेळांच्या मधे थंड होऊ द्यायचं असतं. ती पंचवीस मिनिटं पायरीवर बसून राहिली. मग तिला फोन आला.

ती गेल्यावर चौतीस वेळा ओढली. थंड व्हायला अजून वेळ हवा होता, असं दिसतं.

पहिली टाकी: पूर्ण धरतो. निम्मी सांडली, पण खर्च झाली ती झाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी सुनिता मॅडमचा मेसेज: पार्किंगमध्ये 'एका सदस्याचे' यंत्र धूर करते, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो. नाव नाही घेतलं. पण बाकी कोणाकडे यंत्र आहे? याच सोसायटीत मी सलग तीन वर्षं पाण्याच्या टाकीचं काम बघितलं. कोणाला आठवण नाही.

मी बाणेदार उत्तर टाइप करत होतो. तेवढ्यात ग्रुपवर रेवाचाच मेसेज: सॉरी काकू, मी बाबांशी बोलते.

घरचा भेदी. आणि खाली सतरा जणांचे अंगठे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कार्ब्युरेटरला दोन सुया आहेत, स्क्रूने फिरवायच्या. एक जास्त वेगासाठी, एक कमी. कोणती कोणती हे मॅन्युअलच्या पुढच्या पानांत असावं. दोन्ही फिरवल्या. आधी आत, मग बाहेर, मग जिथे होत्या तिथे, अंदाजे.

रेवाने जेवताना विचारलं, किती फेरे उघड्या आहेत. मी सांगितलं, मी कानाने लावतो, आकड्यांनी नाही. अरुंधती म्हणाली, मग कानाला तरी विचारा तो चालू का होत नाही. रेवा हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं, खरं सांगायचं तर.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सव्वादोन मिनिटं. आईशप्पथ. रेवा खरेदीला गेली होती. व्हिडिओ काढायचा तर माझा एक हात रिमोटवर, एक हात गाडीवर. तिला संध्याकाळी सांगितलं. म्हणाली, अरे वा, आता लावू या का? मी म्हटलं, दिवाळीच्या पणत्या लागल्यात, आग पेटेल.

प्रत्यक्षात पणत्या अजून डब्यातच होत्या.

दुसरी टाकी: पूर्ण धरली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आजचं लिहिणार नव्हतो.

आपट्याला ताईकडे गेलो. ट्रक गाडीत घेतला, म्हटलं पाताळगंगेच्या काठी मोकळं मैदान आहे, सगळ्यांना दाखवू. रस्ताभर मी रेवाला सांगत होतो की पहिली ओढ तुझी. ती खूश होती. खिडकीला डोकं टेकून मला इंजिनाचं काय काय सांगत होती, आणि मी मधे बोललो नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

मैदानात ताईचं घरदार, शेजारपाजार, वीसेक माणसं गोळा झाली. रेवाने दोरीला हात घातला. एकदम मला वाटलं, तिच्या हातून नाही झालं तर सगळ्यांसमोर तिची शोभा होईल. म्हणून मी दोरी तिच्या हातातून घेतली. तिच्यासाठीच घेतली.

किती वेळा ओढली ते मोजलं नाही. बायका आधी आत गेल्या. मग पोरं नदीवर गेली. शेवटी दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तेवढे उरले. ते म्हणाले, "अहो कमलाकरराव, द्या की एकदा रेवाच्या हातात. ती शिकलीय ना तेच?"

मी म्हटलं, शिक्षण आणि शिस्त यात फरक असतो.

येताना रेवा मागे बसली. नऊ दिवस उरलेत आणि या डबड्याने मला माझ्याच पोरीसमोर उघडं पाडलं. इतकं वाईट मला कुठल्याही माणसाने वागवलेलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

विचारांती निष्कर्ष: धातू थकला आहे. सततच्या ओढाओढीने ताण येतो. त्याला पाच-सहा दिवस पूर्ण विश्रांती दिली की कण आपापल्या जागी बसतात. हे कुठे वाचलेलं नाही, पण पटण्यासारखं आहे. ट्रक बाल्कनीत जुन्या चादरीखाली ठेवला. घरात जाहीर केलं: शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.

रेवाने विचारलं, तुम्ही सोमवार ते गुरुवार ऑफिसला जाणार ना? म्हटलं, जाणार. बापाच्या रजेची चौकशी करते, म्हणजे काहीतरी माया शिल्लक आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

माया वगैरे काही नाही. कालपासून रोज दुपारी संजनाकडे जाते, कामोठ्याला. संजना तिची मैत्रीण, कॉलेजपासूनची. निरोपाचं काहीतरी चाललंय म्हणे. मी ऑफिसातून येतो तेव्हा नुकतीच आलेली असते, हातपाय धुते, थेट जेवायला. नखं काळी. विचारलं तर म्हणाली, संजनाकडे साफसफाई काढलीय. दिवाळी झाल्यावर साफसफाई! असल्या आळशी घरात ही राबते आणि घरी बापाबरोबर बसायला वेळ नाही.

मैत्रिणी चार दिवसांच्या, आईबाप जन्माचे. हे तिचं तिला कळेल.

३० ऑक्टोबर, गुरुवार

संतापजनक शोध. इंधनाची बाटली जवळपास रिकामी! उडून गेलं असणार. झाकण हलक्या दर्जाचं. दुकानदाराला तीन परिच्छेदांचं पत्र लिहिलं, त्यात 'ग्राहकाचा विश्वासघात' हे शब्द दोनदा.

ट्रकच्या एका नळीचा रंगही वेगळा वाटला. उन्हाने होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्रीची जेवणं व्हायची आहेत

बॅगा दारात आल्या. दोन मोठ्या, एक पाठीची. अरुंधतीने चकल्यांचे डबे चार वेळा भरले आणि काढले.

साडेपाचला ऑफिसातून आलो तर रेवा बाल्कनीत उभी. चादर बाजूला केलेली. म्हणाली, "बाबा, चला ना खाली. एकदाच. मी सकाळी जाणार."

मी म्हटलं, दोन टाक्या झाल्यात, तीन बाकी आहेत. पाच झाल्याशिवाय पळवायचा नाही असं ठरलंय. भावनेच्या भरात नियम मोडले तर इंजिन आयुष्यभर लंगडतं. तू होळीला येशील तेव्हा तयार असेल. मग बघू.

तिने विचारलं, "नक्की नाही?"

मी म्हटलं, नक्की नाही.

ती 'बरं' म्हणाली. चादर परत घातली, चारही कोपरे नीट खोचले. अरुंधती स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. तेव्हापासून भांडी जोरात वाजतायत. तिला इंजिनातलं काय कळतं?

खरं कारण लिहून टाकतो, नाहीतर जेवण जाणार नाही. आपट्यासारखं झालं असतं तर? जायच्या आदल्या दिवशी तिने मला घामाघूम होऊन दोरी ओढताना बघायचं, आणि तेच डोक्यात घेऊन कोइम्बतूरला जायचं? त्यापेक्षा बाप शिस्तीचा आहे, हे घेऊन जाऊ दे.

१ नोव्हेंबर, शनिवार

गेली.

प्लॅटफॉर्मवर गाडी वीस मिनिटं उशिरा. ती वीस मिनिटं मी तिला पाण्याची बाटली कुठे भरायची आणि वरच्या बर्थवर चपला कुठे ठेवायच्या हे सांगितलं. तिला बावीस वर्षं पूर्ण आहेत. गाडी हलताना दारातून म्हणाली, बाबा, ओढायच्या आधी फ्लायव्हील, ते इंजिनाचं जड चाक, थोडं मागे फिरवा, मग ओढा. जाताजाताही बापाला शिकवायचंच.

घर फार मोठं वाटतंय. टू बीएचकेच आहे.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.३०

ऐतिहासिक दिवस. वेळ जात नव्हता म्हणून ट्रक खाली नेला. बाटलीच्या तळाशी एकच टाकी निघाली. फ्लायव्हील थोडं मागे फिरवलं (माझ्या मनात होतंच). दोरी ओढली.

पहिल्या ओढीत!

आणि बंद पडला नाही. मऊ, एकसुरी आवाज. हळू केला की हळू, जोर दिला की सुसाट. मागच्या मैदानावर नेला तर धूळ उडवत असा पळाला की क्रिकेट खेळणारे थांबले. पूर्ण टाकी, आठ मिनिटं, एकदाही अडखळला नाही. धातूच्या विश्रांतीचा सिद्धांत माझ्या नावावर लागायला हवा. दाजींना व्हिडिओ पाठवला. सुनिता मॅडमना मुद्दाम पाठवला.

आता रूपेशला दाखवायला जातो. लोकांना कळू दे कानाने लावणं म्हणजे काय.

तोच दिवस. संध्याकाळी ५

रूपेशने व्हिडिओ बघितला. अजिबात चकित झाला नाही. म्हणाला, "चालनारच ना काका. ताईनी चार दिस इथंच बसून पाची टाक्या जालल्या."

मी विचारलं, कोणत्या ताईने?

सोमवारपासून रोज दुपारी. रिक्षात ट्रक मांडीवर घेऊन यायची. नळीला भोक पडलं होतं, तिथून हवा घेत होता. ते माझ्या ओढाओढीत पडलं असणार, असं रूपेश म्हणाला नाही, पण बघितलं तसंच. तिने नळी बदलली, प्लग बदलला, सुया मॅन्युअल वाचून पहिल्यापासून लावल्या. अडतीसही पानं वाचली होती, खुणा घातल्या होत्या. एक टाकी जाळायची, थंड करायची, पुन्हा जाळायची. संजनाकडे गेलीच नव्हती.

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसलो. आधी राग आला, लपवत नाही. माझ्या पोटच्या पोरीने, माझ्या घरातून, माझी गाडी, माझ्या पाठीमागे. आणि हा रूपेश, ज्याचा मी इतकी वर्षं गिऱ्हाईक आहे. आणि अरुंधती, तिला माहीत नसणं शक्यच नाही. सगळे एका बाजूला आणि मी एकटा. दगाबाजी म्हणजे याहून वेगळी काय असते? मी रूपेशला हे बोलूनही दाखवलं. निदान मला सांगायचं तरी होतं, म्हटलं.

तो हात पुसत होता. म्हणाला, "मी बोल्लो तिला. ती बोल्ली, बाबांना सांगू नको, शुक्रवारी त्यांच्याच हातान चालू होव दे. म्हनून एक टाकी ठेवून बी दिली." मग त्याने विचारलं, "चालवली ना मग शुक्रवारी दोघांनी?"

मी म्हटलं, चालवली.

मग हवेचा दाब बघायला सांगितला, माझ्या गाडीचा. दाब बरोबर होता.

संध्याकाळी ७.२०

अरुंधतीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, हो. एवढंच.

रेवाचा फोन आला. पोचली. खोली बरी आहे, खोलीतली दुसरी मुलगी तमिळ आहे, सांबारात गूळ नसतो. मग म्हणाली, "बाबा, गाडी लावून बघितली का?"

मी म्हटलं, लावली. चालू झाली.

"कितव्या ओढीत?"

"पहिल्या."

मागे कुठेतरी पंखा चालू होता. मग म्हणाली, "म्हणजे हात बसला तुमचा."

मी हो म्हणालो.